टाइमशेअरचा आठवडा बदलून घेताना

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधली खोली दरवर्षी एक आठवडा वापरण्याचा विकत घेतलेला हक्क. त्याची अदलाबदल म्हणजे दोन मालकांनी एकमेकांशी केलेला थेट सौदा, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आपण आपला आठवडा अदलाबदल कंपनीकडे जमा करतो आणि इतरांनी जमा केलेल्या आठवड्यांतून आपल्याला हवा तो मागतो. या क्षेत्रात १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेली आरसीआय आणि १९७६ साली सुरू झालेली इंटरव्हल इंटरनॅशनल या दोन कंपन्या प्रमुख आहेत. आपले रिसॉर्ट कोणाशी संलग्न आहे, हे प्रथम पाहावे. क्लब महिंद्राच्या सदस्यांना, उदाहरणार्थ, आरसीआयमार्फत बाहेरच्या रिसॉर्टमध्ये जाता येते.

आरसीआयच्या आठवडा-पद्धतीत जमा केलेल्या प्रत्येक आठवड्याला ‘ट्रेडिंग पॉवर’, म्हणजे अदलाबदलीतले त्याचे मोल दाखवणारा आकडा, मिळतो. रिसॉर्टला असलेली मागणी, हंगाम, खोलीचा आकार आणि आठवडा किती आधी जमा केला, यांवर तो ठरतो. त्यामुळे वार्षिक देखभाल शुल्क वेळेवर भरून, मुक्काम सुरू होण्याच्या किमान नऊ महिने आधी आठवडा जमा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. कारण हंगाम आणि खोली खरेदीच्या वेळीच ठरून गेलेली असतात, पण आठवडा जमा करण्याची तारीख मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. इंटरव्हलमध्ये आठवडा आधी जमा करण्याऐवजी, हवे ते ठिकाण मिळेपर्यंत तो स्वतःकडे राखून मागणी नोंदवण्याचीही सोय आहे. एकदा अदलाबदल पक्की झाली, की मूळ आठवड्यावरचा हक्क संपतो.

हवे ते ठिकाण लगेच दिसले नाही, तर शोधविनंती नोंदवून ठेवावी आणि त्यात एकच तारीख न देता शक्य तितक्या तारखा व जवळपासची ठिकाणे द्यावीत. शाळांच्या सुट्ट्यांत समुद्रकिनाऱ्यावरची मोठी खोली मिळणे सर्वांत कठीण असते.

होकार देण्यापूर्वी खोलीचा तपशील बारकाईने वाचावा. क्षमता ‘६/४’ अशी लिहिली असेल, तर सहा जण राहू शकतात, परंतु खासगीपणा चौघांनाच मिळतो. उरलेल्या दोघांना बहुधा दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपावे लागते. अदलाबदलीचे शुल्क वेगळे असते आणि काही रिसॉर्ट, विशेषतः मेक्सिको व कॅरिबियन भागातली, जेवणाखाण्याचे पैसे सक्तीने घेतात. ही रक्कम माणशी आणि दर दिवशी आकारली जात असल्याने कुटुंबाचा एकूण हिशेब आधीच करावा. स्वतःऐवजी मुलगा किंवा मुलगी जाणार असेल, तर त्यांच्या नावाचे अतिथी-प्रमाणपत्र निघण्याआधी घ्यावे.