हेड्रियनच्या भिंतीवर गेलात की आधी पाठ फिरवा

न्यूकॅसलला राहायला आल्यापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ‘भिंत दाखव’ म्हणतो, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनने उत्तर इंग्लंडमध्ये बांधवून घेतलेली भिंत, आणि मी दाखवते. पहिली काही वर्षं मी सगळ्यांना थेट हाउसस्टेड्सच्या किल्ल्यावर न्यायचे. दगडाला हात लावून फोटो काढायचे आणि वाऱ्याने कान बधिर झाले की चहाला परत. मग एकदा भाचीने विचारलं, “मावशी, ज्यांच्यासाठी ही भिंत बांधली ते लोक कुठे होते?” मी म्हटलं, “पलीकडे.” ते उत्तर अर्धवट होतं. तेव्हापासून मी वाट बदलली. तुम्हालाही तीच सांगते.

निघण्याआधी चार नावं डोक्यात बसवा. भिंतीच्या दक्षिणेला ब्रिगँटीज ही मोठी जमात, कार्लाइलच्या बाजूला कार्व्हेटी, उत्तरेला व्होटाडिनी आणि सेल्गोव्ही. ही भिंत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा, ही समजूत मात्र घरीच ठेवून या. सगळीच्या सगळी भिंत आजच्या इंग्लंडमध्ये आहे. ब्रिगँटीजची राणी कार्टिमांडुआ ही रोमची मित्र. रोमशी लढणारा काराटाकस इ.स. 51 मध्ये तिच्या आश्रयाला आला, तर तिने त्याला बांधून रोमनांच्या हवाली केलं. 69 मध्ये तिच्याच सोडलेल्या नवऱ्याने, व्हेन्युटियसने, बंड केलं आणि रोमनांना तिची सुटका करावी लागली. भिंतीचं काम सुरू झालं ते 122 च्या सुमारास. म्हणजे इथल्या लोकांशी रोमनांचं साटंलोटं आणि वैर दोन्ही भिंतीपेक्षा पन्नासेक वर्षं जुनं.

सुरुवात वॉल्सएंडपासून करा. नावाप्रमाणेच भिंतीचं पूर्वेचं टोक. इथून पश्चिम टोकाच्या बोनेसपर्यंत 117 किलोमीटर. मनोऱ्यावर चढलं की इथल्या रोमन किल्ल्याचा अख्खा आराखडा दिसतो. दिसत नाही ते त्याखालचं: उत्खननात किल्ल्याच्या पायाखाली नांगरटीच्या खुणा सापडल्या. कुणाचं तरी शेत होतं हे. आता उत्तरेकडे बघा. त्या सपाटीवर गोल घरांच्या वस्त्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच भिंत उभी राहिली त्या सुमारास ओस पडल्या. हे कळलं ते अलीकडे, नव्या घरांसाठी आणि खाणींसाठी जमीन उकरण्याआधी झालेल्या उत्खननांतून.

मग कड्यांवर जा, हाउसस्टेड्स ते कॉफिल्ड्स. मे ते ऑक्टोबर बरा. थंडीत वाट चिखलाने भरते आणि चालणाऱ्यांमुळे खालचे अवशेष खचतात. बूट पाणी न शिरणारे हवेत. मी पहिल्यांदा कापडी बूट घालून गेले होते, पुढचं सांगत नाही. भिंतीवर चढू नका. एडी 122 नावाची बस आहे, पण वेळापत्रक पाहूनच निघा.

इथे सगळे उत्तरेकडे, कड्याखाली बघतात. तुम्ही दक्षिणेकडे तोंड करा. भिंतीच्या मागे, म्हणजे रोमनांच्या स्वतःच्या बाजूला, दोन्हीकडे मातीचे बांध असलेला एक लांबच लांब खंदक दिसेल. त्याला व्हॅलम म्हणतात. कॉफिल्ड्सला तो फार छान दिसतो. मूळचा साधारण सहा मीटर रुंद, तीन मीटर खोल. शत्रू फक्त उत्तरेला असता तर पाठीमागे एवढं खोदकाम कशाला? तो ओलांडायची सोय मुख्यतः किल्ल्यांपाशी, पहारेकऱ्यांच्या नजरेसमोर. दक्षिणेच्या लोकांनाही सैन्याच्या पट्ट्यात मोकळं फिरता येऊ नये, असाच त्याचा अर्थ मला लागतो. गुरं घेऊन निघालेल्या माणसाची वाट कशी अडत असेल, ते तिथे उभं राहून मनात चालून बघा.

भिंतीजवळच्या व्हिंडोलँडा या रोमन किल्ल्याला निदान अर्धा दिवस द्या. चिखलात टिकलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं इथे 1973 पासून सापडली. त्यातल्या एकात स्थानिकांसाठी ‘ब्रिटुंकुली’ असा शब्द आहे: क्षुद्र ब्रिटन लोक. इथे थांबून हे कोण म्हणतंय ते विचारा. त्या काळात इथे रोमन सैन्यातली बटाव्हियन तुकडी होती, ऱ्हाईनच्या मुखाजवळची माणसं. त्यांच्या जमातीने 69 मध्येच रोमविरुद्ध बंड केलं होतं. तीसेक वर्षांत पारडं असं फिरलं. दुसऱ्या एका पापुद्र्यावर टुंग्रियन नावाच्या दुसऱ्या तुकडीची हजेरी आहे: 752 पैकी 456 बाहेरगावी, उरलेल्यांत 31 आजारी-जखमी, त्यातल्या दहांचे डोळे आलेले. सगळा दरारा या 265 धडधाकट माणसांवर!

संग्रहालयात वेद्या, म्हणजे देवाला वाहिलेले कोरीव दगड, वाचायला लॅटिन यावं लागत नाही. ‘डेओ’ किंवा ‘डेआए’ ही अक्षरं शोधा, म्हणजे ‘या देवाला’, ‘या देवीला’. पुढे आलेलं नाव ज्युपिटर, मार्स असं ओळखीचं नसेल तर बहुधा तो इथला किंवा सैनिकांनी आपल्या गावाहून आणलेला देव. बेलाटुकाड्रुस या इथल्या देवाच्या वेद्या बहुतेक लहान, ओबडधोबड, आणि नावाचं स्पेलिंग दर वेळी वेगळं. माझ्या त्या सगळ्यांत लाडक्या. भिंतीवरच्या कॅरोबर्ग किल्ल्याजवळच्या कोव्हेंटिना देवीच्या विहिरीतून 1876 मध्ये तेरा हजारांहून जास्त नाणी निघाली. आणि व्हिंडोलँडाजवळच्या बेल्टिंगहॅममध्ये मिळालेल्या एका वेदीवर ‘टेक्स्टोव्हर्डी’ असं नाव आहे. ही जमात आपल्याला माहीत आहे ती या एका दगडामुळे.

शेवटी साउथ शील्ड्सला, अर्बेया किल्ल्यावर या. तिथे रेजिना नावाच्या बाईची समाधीशिळा आहे. ती दक्षिणेकडच्या कॅटुव्हेलॉनी जमातीची, एकेकाळी गुलाम असलेली. सीरियातल्या पाल्मिराचा बाराटेस तिचा मालक; त्याने तिला मुक्त करून लग्न केलं. तिसाव्या वर्षी ती गेली. शिळेवर ती खुर्चीत बसली आहे, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. लॅटिन मजकुराखाली त्याने स्वतःच्या लिपीत एक ओळ कोरून घेतली आहे: बाराटेसची मुक्त केलेली रेजिना, हाय! चेहरा फुटलाय, तेव्हा तो शोधू नका. त्या ओळीपाशी खाली वाका, तिरप्या उजेडात ती नीट दिसते.