दलममधून परत यायचंय? आधी दोन्ही नावं लिहून काढा

गडचिरोलीकडे घरचं कोणी जंगलात नक्षलवाद्यांच्या दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत असेल आणि 'परत यायचंय' असा निरोप आला की लोक पहिलं विचारतात, पैसे किती मिळणार. ते विचाराच, पण त्याआधी एका कागदावर त्याची दोन्ही नावं लिहा, घरचं आणि दलममधलं. केस बहुतेक दलममधल्या नावावर असते आणि आधार, बँक खातं निघणार घरच्या नावावर, मग ही दोघं एकच आहेत हे दाखवत बसावं लागतं. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केलेली तारक्का म्हणजे विमला चंद्रा सिडाम, आणि तिचा नवरा भूपती, जो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ६० जणांना घेऊन आला, तो मल्लोजुला वेणुगोपाल राव. मोठ्यांची नावं पेपरवाले जुळवतात, साध्या मेंबरची आपल्यालाच जुळवावी लागतात.

बंदूक खांद्याला लावून रात्री एकटं पोलीस मदत केंद्राच्या गेटवर जायचं नाही हां. घरच्यांमार्फत किंवा आधी सरेंडर झालेल्या कोणामार्फत निरोप द्या, हत्यार आहे हे पण सांगा, त्याचे पैसे वेगळे मिळतात.

आत्मसमर्पणाची राज्याची योजना २००५ पासून आहे, केंद्राची वेगळी. केंद्राकडून वरच्या केडरला ५ लाख, खालच्याला अडीच लाख, पण ते एफडीत जातात आणि ३ वर्षं वागणूक नीट असेल तरच सुटतात, म्हणून त्या भरवशावर आजच गाडी बुक करू नका. ट्रेनिंगमध्ये महिन्याला स्टायपेंड मिळतो.

सरेंडर केलं म्हणजे केस मिटली असं नाही. खुनासारखे गुन्हे कोर्टात चालूच राहू शकतात, सरकारकडून मोफत मिळणारा आपल्या बाजूचा वकील मागून घ्या आणि तारीख चुकवू नका.

अजून एक, जे लाजेनं कोणी बोलत नाही. दलममध्ये लग्न करायचं तर आधी नसबंदी करायला लावायचे. ती उघडायचं ऑपरेशन होतं, गडचिरोलीत सरेंडर झालेल्या कितीतरी जणांनी करून घेतलंय आणि पोरंबाळं पण झालीत, तर सरळ विचारा.

गावी जायची घाई नको, पोलिसांचा खबऱ्या म्हणून दलमनं मारलेल्यांची आठवण गावात अजून ताजी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोनसरीच्या लोखंड कारखान्यात सरेंडर झालेल्यांना नोकऱ्या दिल्यात, तिकडचं विचारून बघा. फॉर्मवर घरचंच नाव लिहायचं, सही पण त्याच नावाची, आणि ती आधी चार दिवस वहीत गिरवून ठेवा, पंधरा वर्षं न लिहिलेलं नाव हाताला पटकन येत नाही.