कॅंडिडेट की शोधताना आधी उजवी बाजू बघा

डेटाबेसमधल्या नॉर्मलायझेशनच्या (टेबल नीट तोडून मांडण्याच्या) गणितात बराच वेळ खातं ते कॅंडिडेट की शोधणं, म्हणजे ज्यावरून बाकी सगळे रकाने ठरतात आणि ज्यातला एकही गाळता येत नाही असा रकान्यांचा गट. पाच रकाने असले तरी असे गट ३१ होतात. सगळ्यांचं क्लोजर (त्या गटावरून ठरणारे सगळे रकाने) कोण काढत बसणार?

समजा डिपेंडन्सी (बाणाच्या डावीकडच्यावरून उजवीकडचं ठरतं) अशा आहेत:
रोल नंबर → नाव
विषय कोड → विषयाचं नाव
रोल नंबर, विषय कोड → गुण

१. बाणाच्या उजवीकडे कुठेच न आलेले रकाने वेगळे काढा. इथे रोल नंबर आणि विषय कोड. हे कीमध्ये असणारच.
२. फक्त त्यांचं क्लोजर काढा. सगळे रकाने आले, तर हीच एकमेव की. इथेच थांबा.
३. नाही आले, तर दोन्ही बाजूंना दिसणारे रकाने एकेक करून जोडा. एकेकाने भागलं नाही तर दोन-दोन. फक्त उजवीकडे दिसणाऱ्यांकडे ढुंकूनही बघू नका. मात्र अशा वेळी एक की सापडली म्हणून पेन खाली ठेवू नका, आणखी असू शकतात.

एक सांभाळा: एखादा रकाना कुठल्याच डिपेंडन्सीत नसेल, तर तोही कीमध्ये जातो. पेपर काढणाऱ्यांना हा सापळा फार आवडतो, म्हणून रिलेशनमधले (म्हणजे टेबलमधले) सगळे रकाने आधी मोजून घ्या.