डिशवॉशरचा बूस्टर हीटर: या चुका टाळा

"बूस्टर तापत नाहीये, माणूस पाठवा." हॉटेलच्या स्वयंपाकघरातून हा फोन मला हमखास जेवणाच्या गर्दीत येतो. जाऊन पाहावं तर बहुतेक वेळा बूस्टर धडधाकट असतो, दुखणं त्याच्या आधी किंवा नंतर कुठेतरी असतं. बूस्टर म्हणजे गीझर नव्हे. आधीच गरम असलेलं पाणी शेवटच्या रिन्सपुरतं (भांडी खळबळून काढण्यापुरतं) ८२ अंश सेल्सिअसवर नेऊन द्यायचं, एवढंच त्याचं काम. तेवढं गरम पाणी फिरलं तर ताटाचा पृष्ठभाग ७१ अंशांना पोचतो आणि जंतू मरतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बूस्टरला गच्चीवरच्या टाकीचं थंड पाणी थेट जोडणं. हिशेब करून बघा. एका रॅकला (मशीनमध्ये एका वेळी जाणाऱ्या भांड्यांच्या जाळीला) ३ लिटर पाणी आणि तासाला ४० रॅक धरले, तर १२० लिटर झाले. येणारं पाणी ६० अंशांचं असेल तर ते ८२ वर न्यायला जेमतेम ३ किलोवॅट लागतात. तेच पाणी २५ अंशांचं असेल तर ८ किलोवॅट. तुमचा बूस्टर ६ किलोवॅटचा असेल तर दुपारी चारला, तुरळक भांडी असताना, तो बरोबर चालेल आणि रात्री नऊला मान टाकेल. पाण्याला सोलर जोडलेला असेल तर हीच तक्रार जुलै-ऑगस्टमध्ये येते, कारण ढगाळ दिवसांत सोलरचं पाणी कोमटच राहतं. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलून काहीही होत नाही. आधी बूस्टरमध्ये शिरणाऱ्या पाइपवर तापमान मोजा.

दुसरी चूक डिस्प्लेवर विसंबण्याची. तो आकडा बूस्टरच्या टाकीतला असतो, ताटावरचा नव्हे. मशीन दहा मिनिटं उभं असताना ८५ दिसणारच! तीन-चार रॅक लागोपाठ काढा आणि मग मोजा. सर्वाधिक तापमान धरून ठेवणारा वॉटरप्रूफ थर्मामीटर ताटासारखा रॅकमध्ये उभा करा, नाहीतर ७१ अंशांना काळी पडणारी पट्टी ताटाला चिकटवा. डिस्प्ले ८५ दाखवतोय आणि पट्टी पांढरीच आहे, असं झालं तर बूस्टर ते मशीन ही नळी बघा. हे अंतर दीड मीटरच्या आत हवं आणि नळीवर इन्सुलेशन हवंच. पाच मीटर उघडी नळी असली की पहिले एक-दोन रॅक वायाच जातात.

कमी पडतंय म्हणून थर्मोस्टॅट ९५ वर नेणारेही भेटतात. रिन्सचं पाणी ९० च्या वर जाऊ द्यायचं नसतं. फवाऱ्यातच त्याची वाफ होते आणि ताटापर्यंत कमी उष्णता पोचते. प्रेशरचंही तसंच. रिन्स चालू असताना साधारण १.४ बार पुरे (तुमच्या मशीनच्या पाटीवर वेगळा आकडा असेल तर तो खरा). पंप लावून प्रेशर वाढवलं की पाणी तापायच्या आत बूस्टरमधून निघून जातं.

आता क्षार. बोअरचं पाणी असलेल्या ठिकाणी बूस्टर मारणारा खरा गुन्हेगार हाच. एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कांडीवर) पांढरट, खडबडीत थर चढतो, आतली उष्णता पाण्याला मिळत नाही आणि एलिमेंट स्वतःच भाजत राहतं. बूस्टरमधून चरचर आवाज येतो, पाणी तापायला वेळ लागतो, हाय-लिमिट (फार तापलं की वीज तोडणारं स्विच) वारंवार उडतं आणि मग एक दिवस एलिमेंट फुटतं. "आमच्याकडे सॉफ्टनर आहे हो," असं मालक सांगतात, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र. झाकण उघडलं की मिठाची टाकी कोरडी ठणठणीत! क्षार पकडणाऱ्या आतल्या दाण्यांना, म्हणजे रेझिनला, मीठ मिळालं नाही तर सॉफ्टनर म्हणजे नुसता डबा. थर काढायला कंपनीने सांगितलेलं डिस्केलरच (क्षार विरघळवणारं द्रावण) वापरा. संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतू नका, ते स्टेनलेस स्टीललाही भोकं पाडतं.

साफसफाईनंतर आणखी एक घोळ होतो. टाकी रिकामी असतानाच कोणीतरी एमसीबी वर करतो. कोरडं एलिमेंट काही क्षणांत जळतं. आधी पाणी सोडा, रिन्समधून हवा निघून सलग धार येऊ द्या, मगच वीज.

वीज म्हटली की एक फेज गेलेली असणं आलंच. दिवे लागतात, डिस्प्ले चालू असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. डेल्टा जोडणीत (तीन एलिमेंट त्रिकोणात जोडलेली असतात तेव्हा) एक फेज गेली की ताकद निम्मी होते. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघायला सांगा. व्होल्टेज ४१५ वरून ३८० वर आलं तरी साधारण १६ टक्के ताकद कमी होते.

एवढं सगळं जमवून निघालेली ताटं ओल्या फडक्याने पुसू नका. रॅकमध्येच वाळू द्या.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय म्हणून त्याचं तोंड डमी (बूच) मारून बंद करणं ही मात्र जिवावरची चूक आहे. पाणी तापताना फुगतं. मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) असेल तर फुगलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही, म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून गळतं. फुगलेलं पाणी सामावून घेणारी एक्स्पान्शन टाकी बसवली की ठिबकणं थांबतं, नाही थांबलं तर व्हॉल्व्ह नवा घाला. डमी मारलेली दिसली तर मी बाकी काही न बघता आधी मेन स्विच पाडतो, मग मालक कितीही ओरडो.