परदेशी विद्यापीठात मराठी पुस्तकांचा संग्रह उभारताना

अमेरिकी विद्यापीठांतल्या दक्षिण आशियाई संग्रहांना मोठा हातभार लावला तो १९६२ मध्ये सुरू झालेल्या पीएल-४८० (अमेरिकेचा धान्य-मदत कायदा) ग्रंथखरेदीने. भारताने अमेरिकी धान्यापोटी जमा केलेल्या रुपयांतून तेव्हा पुस्तके घेतली जात. आता लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे दिल्ली कार्यालय सहकारी तत्त्वावर खरेदी करते आणि खर्च ग्रंथालये उचलतात. नव्या संग्रहाने यात जरूर सहभागी व्हावे. पण तेवढ्यावरच थांबलात तर इतर विद्यापीठांत आहेत तीच पुस्तके तुमच्याकडेही येतील.

पुरवठादाराला निवडीचे निकष लेखी द्या. नुसते ‘मराठी साहित्य’ म्हटले की स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे अनुवादही येऊन पडतात. काय नको ते आधी लिहा. मग हवे ते नेमके सांगा: दलित आत्मकथने, स्थानिक इतिहास, लोकसाहित्य, अहिराणी, झाडीबोली आणि मालवणीतले लेखन. गोवा कक्षेत असेल तर रोमी लिपीतली कोंकणी वेगळी नोंदवा, नाहीतर ती देवनागरीच्या यादीतून सुटते.

खरी मेहनत घ्यायची ती नेहमीच्या पुरवठ्यात न येणाऱ्या छापील साहित्यावर. संमेलनांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, जिल्ह्याच्या गावी लेखकाने स्वखर्चाने काढलेली पुस्तके यांच्या प्रती मोजक्याच निघतात आणि पुन्हा छपाई क्वचितच होते. यांवर बहुधा आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक नसतो, म्हणून त्या क्रमांकाने शोधणाऱ्या पुरवठादाराला ती सापडतच नाहीत. वार्षिक रकमेचा साधारण पाचवा हिस्सा यासाठी राखून ठेवा आणि पुस्तक निघाले त्याच वर्षी घ्या.

दिवाळी अंकांना तर स्वतंत्र नियोजन हवे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही परंपरा मराठी कथा-कविता, व्यंगचित्रे आणि वैचारिक लेखन एकत्र देते. १५-२० अंक निवडा आणि दरवर्षी तेच घ्या. मधली वर्षे गळालेली मालिका अभ्यासकाला अर्धीच उपयोगी पडते. मागणी सप्टेंबरमध्ये नोंदवा, जानेवारीपर्यंत बरेच अंक संपलेले असतात. बांधणीआधी गंजणाऱ्या पिना काढा. जाहिरातींची पाने मात्र काढू देऊ नका, त्या काळाचा बाजार आणि घरसंसार तिथेच दिसतो.

माल आला की थेट कपाटात लावू नका. कीड दिसली तर पुस्तके पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर गार कागदावर दव धरते. २४ तास तशीच राहू द्या. ठिसूळ कागदाची जुनी पुस्तके यंत्रशिलाईला देऊ नका, शिवणीच्या रेषेवरच पान तुटते. त्यांना आम्लरहित पेटी बरी.

नोंदणीत शीर्षक रोमन लिप्यंतरासोबत देवनागरीतही द्या. मार्क या ग्रंथनोंदीच्या संगणकीय आराखड्यात त्यासाठी ८८० हे क्षेत्र आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे जुन्या पुस्तकावर ‘पुणें’ दिसेल आणि वाचक ‘पुणे’ शोधेल. पर्यायी शीर्षकाच्या २४६ क्षेत्रात दुसरे रूप घालाच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही नावेही एकमेकांना जोडलेली हवीत. प्रकाशनवर्ष शकात असेल तर ७८ मिळवा. इंग्रजी वर्ष बदलल्यापासून, म्हणजे बहुधा पौषापासून फाल्गुनापर्यंत, ७९. हा फरक चुकला की पहिल्या आवृत्तीचे साल एका वर्षाने सरकते.

जुन्या पोथ्या कोणी विकायला आणल्या तर भारतातून त्या बाहेर नेण्याचा विचार करू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनी, वाङ्मयीन वा ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखिते पुरावशेष ठरतात आणि खासगी निर्यातीला बंदी आहे. पोथी जिथे आहे तिथल्याच संस्थेला स्कॅनिंगसाठी पैसे द्या आणि डिजिटल प्रत दोन्हीकडे ठेवण्याचा लेखी करार करा.