बांधाखालचा पाझर: थरांची सरासरी काढू नका

समजा, कन्हान नदीकाठी पूरसंरक्षक बांध आहे. खाली २ मीटर काळी माती, तिच्याखाली ६ मीटर रेती. नवखा माणूस सगळ्यात आधी दोन्हींच्या पारगम्यतेची (म्हणजे पाणी किती सहज झिरपू देतात त्याची) सरासरी काढतो आणि ८ मीटरचा एकच थर मांडतो. गणित झटपट सुटतं, पण ज्यासाठी ते मांडलं तेच हरवतं. काळी माती हे रेतीवरचं झाकण आहे. पाणी रेतीतून आडवं धावतं आणि झाकणाला खालून ढकलतं. पाझर किती लिटर, हा प्रश्न नंतरचा. झाकण उचललं जाईल का, ते आधी बघा. थर वेगळेच ठेवा.

दुसरी चूक जास्त महागाची: मॉडेलची हद्द, म्हणजे गणितात जमीन कुठवर धरायची ते. रेती मातीच्या हजारपट पारगम्य धरा. हजार गुणिले २ गुणिले ६, वर्गमूळ सुमारे ११०. म्हणजे गावाकडे दाब जणू ११० मीटर पसरतो. पुराचं पाणी ४ मीटर उंच, बांधाचा तळ २० मीटर आणि नदीकडचं प्रभावी अंतर (पाणी रेतीत जणू जिथून शिरतं तिथपासून बांधापर्यंतचं) ८० मीटर असेल, तर एकूण ८० + २० + ११० = २१०, आणि गावाकडच्या पायथ्याशी झाकणाखाली जादा दाब ४ × ११०/२१० = २.१ मीटर पाण्याइतका. २ मीटर मातीवर ग्रेडियंट, म्हणजे जादा दाब भागिले मातीची जाडी, १.०५. अशी माती साधारण ०.८ ला उचलली जाते. हेच मॉडेल पायथ्यापासून ५० मीटरवर कापून तिथे दाब शून्य धरा, ग्रेडियंट ०.६४ येतो. रिपोर्ट पास, बांध नापास! स्क्रीनवर चित्र मावावं म्हणून हद्द आखडणाऱ्यांना काय म्हणावं? हद्द निदान ३३० मीटरवर न्या, मग आणखी लांबवून आकडा हलतो का ते पाहा.

पारगम्यतेसाठी प्रयोगशाळेतल्या मुठीएवढ्या नमुन्यावर विसंबू नका. मे महिन्यात काळ्या मातीच्या भेगांत काठी सहज जाते, ती भेग नमुन्यात येत नाही. सवय अशी लावावी: नदीकडे माती भेगाळलेली धरायची, गावाकडे अखंड. दोन्हीकडे आपल्याला वाईट तेच.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळात २९ ऑगस्ट २००५ ला लंडन अव्हेन्यू कालव्याची भिंत दोन ठिकाणी फुटली, तीही पाणी माथ्यावरून वाहण्याआधीच. वर दलदलीची माती, खाली समुद्रकाठची रेती. भिंत किंचित कलली, कालव्याच्या बाजूला फट पडली आणि पाण्याचा दाब थेट रेतीत पोचला. फट धरून गणित न करण्याची किंमत ही.

बाकीच्या चुका थोडक्यात. दर १.५ मीटरला नमुना घेतला तर २० सेंटिमीटरची रेतीची पट्टी निसटते, पायथ्याजवळ सलग नमुना घ्या. पायथ्यालगत माती-मुरूम काढू देऊ नका, झाकण पातळ होतं. जुनी विहीर म्हणजे झाकणाला पडलेलं भोक, ती नकाशावर हवीच. 'पूर दोनच दिवसांचा' ही सबब चालत नाही, झाकणाखालच्या भरलेल्या रेतीत दाब फार लवकर पोचतो.

आणि पुरात पायथ्याशी रेती उकळून वर येऊ लागली तर त्यावर ताडपत्री किंवा माती टाकू नका, पाणी शेजारून फुटेल. भोवती रेतीच्या पोत्यांचं कडं रचा, आत पाणी चढू द्या. रेती यायची थांबून स्वच्छ पाणी वाहू लागलं की तिथेच थांबा, वाहणारं पाणी अडवू नका.