उसण भरल्यावर अंथरूण धरू नका, लाथही मारून घेऊ नका

बादली उचलताना किंवा नुसतं शिंकताना कंबरेत चमक भरते, माणूस अर्धा वाकलेलाच अडकतो आणि घरातला प्रत्येक जण वेगळा उपाय सांगू लागतो. पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या) माणसाकडून लाथ मारून घ्या, जमिनीवर झोपा, आठवडाभर हलू नका, उद्याच एमआरआय काढा. यातले बहुतेक उपाय वाया जातात, काही इजा करतात.

आधी एक तपासणी करा. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, पाऊल उचलेना, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. तिथे काही तासही मोलाचे असतात. ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग, उतारवयात पडल्यावर सुरू झालेली कळ, यांपैकी काही असेल तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो आणि तो महिनोन्महिने साधी कंबरदुखी समजून अंगावर काढला जातो.

यातलं काही नसेल तर बहुतेक उसण स्नायू आणि सांध्यांची असते, आणि चार ते सहा आठवड्यांत बरीच ओसरते. पायाळूच्या लाथेला यश मिळतं ते याचमुळे: स्नायूंची आखड दोन-चार दिवसांत सैल होणारच असते, श्रेय लाथेला जातं. जागेवर बसवायला मुळात काही निखळलेलंच नसतं. हाडं ठिसूळ झालेल्या आजीच्या कंबरेवर पाय मारला तर मात्र मणका खरोखर मोडू शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान अंथरूण धरल्याने होतं. पडून राहिलं की स्नायू लवकर अशक्त होतात, सांधे आखडतात आणि हालचालीची भीती बसते. कळ फारच असेल तर एक-दोन दिवस जास्त वेळ आडवं व्हायला हरकत नाही. पाठीवर झोपाल तेव्हा गुडघ्यांखाली दोन उशा ठेवा, कुशीवर असाल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांनी रेटा देत अंग वर घ्या. पहिल्या दिवसापासून जागेपणी दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. चालताना थोडं दुखलं तरी चालेल. कळ कंबरेतून गुडघ्याखाली उतरू लागली तर चालणं कमी करा, थांबवू नका.

दोन-तीन दिवसांनी पाठीवर झोपून गुडघे दुमडा, पोट आत घेत कंबर जमिनीला टेकवा, पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग एकेक गुडघा छातीकडे ओढा. श्वास रोखू नका.

शेकाने आराम पडतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झाली असेल तर पिशवी किती गरम आहे ते दुसऱ्याला बघायला सांगा, नाहीतर भाजल्याचं कळत नाही. तेल हलक्या हाताने लावा, रगडू नका.

जमिनीवर किंवा फळीवर झोपलंच पाहिजे असं नाही. स्पेनमधल्या २००३ च्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असणाऱ्यांना टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर अधिक आराम मिळाला.

गोळ्यांबाबतही गैरसमज आहे. ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नव्या कंबरदुखीत पॅरासिटामॉलमुळे माणसं लवकर बरी झाली नाहीत. आयब्युप्रोफेनसारखी गोळी थोडा फरक पाडते, पण ती जेवणानंतर आणि थोडेच दिवस. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. घटक न लिहिलेली पुडी तर अजिबात नको, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

एमआरआयची घाई का नको? १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले; त्यातल्या ५२ टक्क्यांची मणक्यांमधली किमान एक गादी (डिस्क) फुगलेली निघाली. म्हणून ‘गादी सरकली’ असा अहवाल हाती आला तरी दुखण्याचं कारण तेच असेल असं नाही. वरची धोक्याची लक्षणं असतील किंवा पायात जाणारी कळ सहा आठवड्यांतही हटली नाही, तर तपासणीला अर्थ आहे.

कंबरपट्टा प्रवासापुरता किंवा जड कामापुरता बांधा. त्याने उसण पुन्हा भरायची टळत नाही. चालण्याने मात्र ती लांबणीवर पडते: २०२४ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत बरे झालेल्यांना हळूहळू चालणं वाढवायला लावलं, सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे लक्ष्य ठेवून. त्यांच्यातल्या निम्म्या जणांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले, न चालवलेल्यांतल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.